आईच्या वर्षश्राद्धानिमित्त एका ऋणाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आईच्या अखेरच्या दुखण्यात तिला दुसरे काहीच पचेनासे झाले होते, तेव्हा कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढणारे एक मामा माझी किटली भरून देत आणि पैसे पुढे केले की ‘आधी म्हातारीला उठून बसू दे की’ असे म्हणून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळत. आई गेली आणि तो हिशोब तसाच राहिला.

पुढच्या महिन्यात तिचे वर्षश्राद्ध आहे. धाकट्या भावाच्या मते टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन मोकळे व्हावे. पण तो आहेर म्हणजे दुधाची किंमत चुकती करणे वाटेल, अशी मला धास्ती आहे, आणि मामा तसे तोंडावर बोलूनही दाखवतील. त्यांना जेवणाला बोलवावे, की म्हशींसाठी सरकी पेंडीचे पोते पोहोचवावे? आपल्यापैकी कोणी असे ऋण कसे मानले, हे कृपया कळवावे.