वॉल्ट्झ, अण्वस्त्रं आणि कारगिल: धाकाने युद्ध टळतं का?

लाल डबा (धागाकर्ता)
केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकी अभ्यासकाने 1981 साली एक निबंध लिहून भल्याभल्यांना चिडवलं. म्हणणं असं, की अण्वस्त्रं हळूहळू आणखी देशांकडे गेली तर जग जास्त सुरक्षित होईल. साध्या युद्धात नफ्यातोट्याचा हिशेब चुकू शकतो. अण्वस्त्रांपुढे तो शेंबड्या पोरालाही जमतो.

मला तर कारगिल हाच त्याचा पुरावा वाटतो. 1998 च्या मे महिन्यात आपल्या पोखरण आणि पाकिस्तानच्या चगाईतल्या अणुचाचण्या, वर्षभरात कारगिल. आपले पाचशेहून जास्त जवान गेले, तरी वाजपेयी सरकारने हवाई दलालाही नियंत्रण रेषा ओलांडू दिली नाही. 1965 मध्ये काश्मिरात घुसखोरी झाली तेव्हा आपण थेट लाहोरच्या दिशेने निघालो होतो. मग फरक कशाने पडला?

मुळामुठा
अण्वस्त्रांनीच पडला, पण उलटा. भारत आता मोठं युद्ध छेडणार नाही असं वाटलं, म्हणून तर रावळपिंडीच्या सेनापतींना हे धाडस सुचलं. ग्लेन स्नायडर या अमेरिकी अभ्यासकाने हे 1965 मध्येच लिहून ठेवलंय: वर अण्वस्त्रांचं स्थैर्य आलं की खाली खोड्या काढायला रान मोकळं. आणि रेषा न ओलांडण्याची किंमत कारगिलमधल्या तोलोलिंग शिखराच्या उभ्या चढावर, वरून येणाऱ्या गोळ्या झेलत चढणाऱ्यांनी मोजली. तिला सुरक्षितता म्हणायचं?

लाल डबा
वॉल्ट्झ हे नाकारत नाही. वादग्रस्त भूभाग धाकाने राखता येत नाही, हिंसेला मर्यादा मात्र पडते, एवढाच त्याचा दावा आहे. 1969 मध्ये उसुरी नदीवर सोव्हिएत आणि चिनी सैन्य भिडलं, तेही सीमेवरच्या चकमकींवरच थांबलं.

बिनसाखरेचा
घोळ मुळातच आहे. वॉल्ट्झच्या सिद्धांतात राष्ट्र म्हणजे एकच डोकं. स्कॉट सेगन या अभ्यासकाने त्याला तिथेच धरलं: निर्णय लष्करी संघटनांतून निघतात, आणि त्यांच्या सवयी, स्वार्थ, गलथानपणा सगळं त्यात उतरतं. फेब्रुवारी 1999 मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले तेव्हा कारगिलची तयारी सुरू होती. तेव्हाचे पाकिस्तानी पंतप्रधान नवाझ शरीफ म्हणतात, मला सांगितलंच नव्हतं. तेव्हाचे लष्करप्रमुख मुशर्रफ म्हणायचे, सांगितलं होतं. कुणाचंही खरं धरा, ‘पाकिस्तानने हिशेब केला’ हे म्हणणं लंगडंच.

आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. मार्च 2022 मध्ये आपलंच ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. तीन अधिकारी बडतर्फ झाले.

गावठी वास्तववादी
आणि त्यावर पाकिस्तानने काय केलं? निषेध नोंदवला, चौकशी मागितली. झाला की वॉल्ट्झ सिद्ध!

बिनसाखरेचा
शांततेच्या दिवसांत, तेही बिनस्फोटकाचं पडलं म्हणून. तेच 2019 मध्ये, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी विमानं पडत असताना सुटलं असतं तर? नशिबाला सिद्धांत म्हणू नका.

मुळामुठा
शिवाय ती ‘मर्यादा’ सरकतेय, तिकडे कुणी बघत नाही. 1999 ला रेषेच्या अलीकडे. 2019 ला बालाकोट, म्हणजे खैबर पख्तुनख्वा. मे 2025 मध्ये बहावलपूर आणि मुरिदके, थेट पाकिस्तानी पंजाबात. छत नक्की कुठे आहे हे डोकं आपटल्यावरच कळणार का?

लाल डबा
चार दिवसांत थांबलं ना?

मुळामुठा
ट्रम्प म्हणतात मी थांबवलं, दिल्ली म्हणते दोन्ही सैन्यांनी आपापसांत बोलून थांबवलं. वॉल्ट्झला श्रेय देणारे तुम्ही एकटेच!

लाल डबा
श्रेय कुणालाही द्या. पाचव्या दिवसात जायची दोघांनाही घाई का नव्हती, तेवढं सांगा.