कुंपण आपले, आग कोणाची?

रात्रपाळी (धागाकर्ता): काल 'हिशेबी' यांनी लिहिले की, प्रत्येक कारखान्याने आपापले कुंपण सांभाळले तर साखळी अपघात (एका कारखान्याच्या अपघाताने शेजारच्यात दुसरा घडणे) ही सल्लागारांनी पोटासाठी उभी केलेली भीती ठरते. हे वाचून गप्प बसवले नाही. कुंपण माणसांना अडवते. उष्णतेला, उडत्या पत्र्यांना आणि जमिनीलगत सरकणाऱ्या वाफेला नाही. 1984 मध्ये मेक्सिको सिटीजवळच्या सान हुआनिको येथील साठवण केंद्रात एलपीजीची गळती पेटली आणि टाक्या एकामागून एक फुटत गेल्या. सुमारे 500 माणसे दगावली. द्रव असेल तिथवर टाकीचा पत्रा थंड राहतो, पण वरच्या, नुसती वाफ असलेल्या भागाला ज्वाळा लागल्या की पोलाद मऊ पडते आणि सुरक्षा झडप उघडलेली असतानाही टाकी फाटते.

हिशेबी: आपले उदाहरण एकाच आवारातले आहे, त्यावरून शेजाऱ्यांचा प्रश्न कसा सिद्ध होतो? पुरेसे अंतर, टाक्यांभोवतीचे बांध आणि पाण्याचे फवारे असताना एकाची आग दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता इतकी कमी असते की, तो पैसा आपल्याच गंजलेल्या पाइपांवर घालणे शहाणपणाचे.

रात्रपाळी: आवार एकच होते, हे मान्य. चुका काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही. मग 2005 सालचे इंग्लंडमधील बन्सफिल्ड हे इंधन साठवण केंद्र घ्या. पातळी दाखवणारा मापक अडकला, भरणे थांबवणारी स्वतंत्र यंत्रणाही चालली नाही, पेट्रोल टाकीवरून वाहू लागले आणि त्याचा ढग हद्दीबाहेर पसरून पेटला. वीसहून अधिक टाक्या जळाल्या, शेजारच्या कार्यालयांची नासधूस झाली.

हिशेबी: आणि मृत्यू एकही नाही, हे सोयीस्करपणे वगळलेत.

रात्रपाळी: रविवारची पहाट होती, म्हणून. सोमवारी दुपारी काय झाले असते, याचा हिशेब आपणच मांडा.

झडप: विषय निघालाच आहे तर आपत्कालीन सरावांबद्दल कोणी बोलेल का? आठवडाभर आधी परिपत्रक निघते, भोंगा ठरल्या मिनिटाला वाजतो, लोक गप्पा मारत जमण्याच्या जागी पोहोचतात आणि छायाचित्रे जोडली की अहवाल पूर्ण. बावीस वर्षांच्या नोकरीत शेजारच्या कारखान्याला सरावाला बोलावलेले मी एकदाही पाहिले नाही.

हिशेबी: बोलावले तर आमच्याकडे काय साठवले आहे, हे त्यांना कळेल. ते स्पर्धक आहेत, नातेवाईक नव्हेत.

झडप: युरोपीय संघाच्या 2012 च्या सेवेसो निर्देशात, म्हणजे धोकादायक रसायनांच्या मोठ्या अपघातांबाबतच्या कायद्यात, अशा शेजाऱ्यांनी आपसांत माहिती द्यावी, असे बंधन आहे, तिथे स्पर्धा नाही का?

रात्रपाळी: एका रात्री पलीकडचा भोंगा वाजला. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी थेट आमच्याकडे फुगलेली होती. त्यांच्या फाटकावर दूरध्वनी केला, तर पहारेकरी म्हणाला, "साहेब सकाळी येतील." भट्टी विझवावी की चालू ठेवावी, हे पलीकडे काय गळते आहे यावर ठरणार होते, आणि तेवढेच आम्हाला ठाऊक नव्हते. शेवटी विझवली. गळती पाण्याच्या वाफेची निघाली आणि वाया गेलेल्या पाळीचा जाब मला द्यावा लागला.

हिशेबी: म्हणजे घाबरून नुकसान केलेत, हेच मी म्हणत होतो.

झडप: पाण्याऐवजी दुसरे काही असते तर?

हिशेबी: बरे. फाटकावर पदार्थांची यादी आणि रात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक, एवढे मला चालेल. सराव मात्र आपापल्या आवारातच करावेत.