मदत हवी आहे: बंद पेट्रोल पंप, जांभा आणि शेजारची विहीर

फोंडा तालुक्यातल्या बंद पंपाच्या टाक्या काढल्या, तरी निरीक्षण विहिरीत पाण्यावर बोटभर पेट्रोल तरंगतंय. शेजारी पिण्याची विहीर आहे. तिचा वापर आधी थांबवलाय. पावसात पाणी चढलं की पेट्रोल जांभ्याच्या पोकळ्यांत अडकतं आणि थर दिसेनासा होतो. ते गेलेलं नसतं, म्हणून पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हाचं, मेअखेरचंच मोजमाप धरतोय.

बेंझिन (पेट्रोलमधला विषारी घटक) तपासायला पाण्याचे नमुने ४० मिलिच्या कुपीत, एकही बुडबुडा न ठेवता, आम्ल घालून ४ अंशांवर पाठवायचेत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. तेवढं अचूक मोजणारी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा गोव्यात किंवा बेळगावात कोणती?

जांभ्यात बोअर मारून व्हॅक्यूमने पेट्रोलची वाफ ओढायचं काम कुणी केलंय का? हवा मोठ्या भेगांतूनच पळते, बारीक छिद्रांतलं पेट्रोल तसंच राहतं. बोअरमधलं अंतर किती ठेवलंत?