छोट्या छेदाची बायपास: निकाल मोठ्या छेदाइतकाच का?

मुलुंडकर: रुग्ण ६३ वर्षांचे, मधुमेह. एलएडीत (हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य धमनी) सुरुवातीलाच ९० टक्के ब्लॉक, उजव्या धमनीत ७०. हृदयाचं पंपिंग चांगलं. एक सर्जन छाती उघडून करू म्हणतात, दुसरे बरगड्यांमधून. कामासाठी रोज लोकलने सीएसएमटी गाठावं लागतं. काय निवडावं?

टाकेवाला: छेद कुठूनही घ्या, मुख्य जोड तोच: छातीतली डावी धमनी, म्हणजे लिमा, एलएडीला. हा ग्राफ्ट (जोडलेली रक्तवाहिनी) दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांहून जास्त जणांत चालू असतो. पायाच्या शिरेचे तोवर ४०-५० टक्के बंद पडतात. म्हणून व्रण किती सेंटिमीटरचा, यापेक्षा "उजव्या धमनीचं काय करणार?" हे विचारा. चौथ्या-पाचव्या बरगडीखालच्या ५ ते ८ सेंमी छेदातून एलएडी समोर येते, पण हृदयाची मागची आणि खालची बाजू गाठणं अवघड. एकतर तिथेही ग्राफ्ट लावायचा सराव असलेला सर्जन हवा, नाहीतर हायब्रिड: एलएडीला लिमा, उजवीत स्टेंट. उजवी तशीच सोडणार असतील तर छाती उघडलेली बरी.

भूलभुलैया: डावं फुप्फुस काही वेळ बंद ठेवावं लागतं, त्यामुळे आधी पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी. जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) असेल तर बेत बदलू शकतो. एलएडी स्नायूत बुडालेली निघाली किंवा रक्तदाब सावरेना, तर ऐनवेळी छाती उघडतात. त्याची संमती आधीच घेतात.
आणि "छोटा छेद, कमी दुखणं" हे पहिल्या तीन-चार दिवसांत खरं ठरेलच असं नाही. रिट्रॅक्टर (छेद उघडा धरणारं अवजार) बरगड्या ताणतो, मधली नस दाबली जाते. दुखतं म्हणून खोकणं टाळलं की फुप्फुसाचा तळ बसतो. नसेचा ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) मागा, आणि स्पायरोमीटरचे (श्वासाच्या व्यायामाचं उपकरण) गोळे श्वास ओढून उचला, जागेपणी दर तासाला दहादा.

टाकेवाला: मधुमेह्यांचा खरा फायदा राहिला: छातीचं मधलं हाड कापलंच नाही, तर तिथला खोल जंतुसंसर्ग टळतो. कापलेलं हाड जुळायला ६-८ आठवडे. लोकलच्या दारातली रेटारेटी तीन महिने नकोच. छोट्या छेदात बरेच जण दोन-तीन आठवड्यांत हिंडते-फिरते होतात, पण गर्दीचा धक्का नेमका डाव्या कुशीत बसतो. महिनाभर दुपारची गाडी.

मुलुंडकर: क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी गोळी) चालू आहे. कधी थांबवायचं?

भूलभुलैया: घाईची शस्त्रक्रिया नसेल तर साधारण ५ दिवस आधी, टिकाग्रेलॉर असतं तर ३. अ‍ॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. मात्र आधी स्टेंट बसलेला असेल तर स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, कार्डिओलॉजिस्टला विचारा.