कुत्र्याचं पाणी अन् लेकरू

ताई, तुमचं दीड वर्षाचं लेकरू सारखं कुत्र्याच्या पाण्यात हात घालते म्हणता, आमच्याकडंही तेच सुरू हाय. कुणी म्हणते पाणी जेवणापुरतंच ठेवा, पण आपल्या इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, मुक्या जनावराले दिवसभर पाणी लागतेच ना बाप्पा! आम्ही प्लास्टिकचं भांडं काढून मागच्या आंगणात सावलीत जड दगडी कुंडी ठेवली, उलटत नाही, अन् मधातलं दार लावून घेतो. पाणी रोज फेकून कुंडी घासाची, नुसतं वरून भरत राह्यलं तर बुळबुळीत थर धरते अन् जंतू त्यातच असतात. घोटभर पेलंच तर लगेच घाबरू नका, जुलाब-उलटीवर लक्ष ठेवा. कुत्रं खात-पीत असताना मात्र लेकराले जवळ जाऊच देऊ नका, किती का गरीब असेना. ओरडून काही होत नाही, पोट्ट्याले उलट मजाच येते, त्यापेक्षा आंघोळीच्या आधी परातीत दोन बोटं पाणी अन् एक गडवा द्या, तुम्ही बाजूलेच बसून, कारण एवढ्याशा पाण्यातही लहान लेकरू बुडू शकते. खरं सांगू का, मले कुंडीपेक्षा कूलरच्या टाकीचं अन् न्हाणीतल्या भरल्या बकेटीचं जास्त भेव वाटते. बकेट रिकामीच ठेवा, अन् कूलर लेकराच्या हाताले लागणार नाही असा लावा, पाण्यासोबत करंटही असते तिथं.