पंचगंगेचं पाणी दुपारी मोजायचं की पहाटे?

काठावरची: उन्हाळ्यात पंचगंगेत मासे मरून वर आले की क्रम ठरलेला. आधी फोटो फिरतात, मग अधिकारी येतात आणि नमुना घेतात. तोवर ऊन चढलेलं असतं. माझी मागणी एकच आहे: नमुना पहाटे घ्या.

बंधाऱ्यामागं तुंबलेल्या पाण्यात शेवाळ माजतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र तेही श्वास घेतं आणि जंतूही. त्यामुळं पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या आधी. आंघोळीच्या पाण्याचा निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम. तीच नदी दुपारी दोनला पास आणि पहाटे पाचला नापास होऊ शकते.

मी रसायनशास्त्र शिकवते. गेल्या मार्चमध्ये मुलांना घेऊन राजाराम बंधाऱ्यावर गेले होते. ३०० मिलीची बाटली बुडबुडा राहू न देता भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. दुपारच्या बाटलीत गुळाच्या रंगाचा साका बसला. पहाटेची बाटली मुलं उजेडाकडं धरून बघत राहिली, साका जवळजवळ पांढरा होता.

बावडेकर: मॅडम, राग मानू नका, पण मोजून करायचं काय? ताप आहे का ते कपाळाला हात लावला तरी कळतं. कोल्हापुरातल्या जयंती नाल्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. कसबा बावड्याला ७६ एमएलडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र झालं, दुधाळीला १७ एमएलडीचं झालं (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर). तरी पंप बंद पडला किंवा वळीव कोसळला की नाला बांधावरून थेट नदीत सांडतो. पैसा तिथं घाला, बाटल्यांत नको.

काठावरची: दादा, नाला आधी अडवावा हे मला मान्यच आहे. पण कुठला आधी, हे नाक सांगत नाही. उदाहरणापुरते आकडे घ्या. एका काळ्याकुट्ट नाल्यात बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतू खातात तो ऑक्सिजन, लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, पण दिवसाला पाणी ५ लाख लिटर. म्हणजे १०० किलोचा भार. दुसरा दिसायला बरा, बीओडी फक्त ३०, पण पाणी १ कोटी लिटर. तो ३०० किलो भार नदीत टाकतो आणि त्याचा वासही येत नाही. तीव्रतेबरोबर प्रवाह मोजला नाही, तर पैसा चुकीच्या नाल्यावर जाईल.

कोर्टाच्या पायरीवर: तुमची पहाटेची बाटली मुलांना शिकवायला उत्तम, पण कोर्टात ती टिकणार नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ वाचा. सांडपाण्याचा नमुना सोडणाऱ्याला नोटीस देऊन, तो हजर असेल तर त्याच्यासमोर दोन भाग करून, सील आणि सह्या करून घ्यावा लागतो. ती पद्धत पाळली नाही तर तो पुरावा धरत नाहीत. शिवाय नदीतला नमुना नदी घाण आहे एवढंच सांगतो. कुणी केली, ते सोडणाऱ्याच्या पाइपाच्या तोंडाशीच कळतं. शिक्षा व्हायची असेल तर तिथं मोजा.

शिरोळचा शेतकरी: तुमचं कोर्ट, निकष सगळं शहरापुरतं. घाण येती आमच्याकडं. तेरवाडच्या बंधाऱ्याला केंदाळ, म्हंजी जलपर्णी, तटतंय, वरनं बरगं, म्हंजी बंधाऱ्याच्या फळ्या, काढलं की एका रातीत काळं पाणी सुटतंय. महिन्यातनं एकदा घेतलेल्या नमुन्यात ती रात गावंल व्हय? म्हस पाण्याला तोंड लावत न्हाई, तवा आमास्नी कळतंय. मॅडमचं बराबर हाय, पर एक पहाट मोजून भागणार न्हाई.

नर्सताई: ऑक्सिजनवर सगळं अडकवू नका. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली होती, ती कुठल्या साक्याच्या रंगात दिसली नसती. विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू १०० मिलीत ५०० च्या आत असावेत, फार तर २५००. घाटावर लोक आजही पाण्यात उतरतात. मला आधी तो आकडा हवा.

काठावरची: ताई, तुमचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, तो आकडा हवाच. वकीलसाहेब, शिक्षेसाठी तुमचीच वाट खरी. पण पाइपाशी कधी जाऊन उभं राहायचं, हे नदीच सांगेल. बीओडीला २७ अंशांत तीन दिवस बाटली ठेवावी लागते. निकाल हातात येतो तोवर ते पाणी कुठल्या कुठं गेलेलं असतं. ऑक्सिजन तिथल्या तिथं कळतो, म्हणून सुरुवात त्यानं करायची.

बावडेकर: अजून पूर्ण पटलेलं नाही. पण बंधाऱ्यावर नको, जयंती नाला नदीला मिळतो तिथून सुरू करा. नाला किती वाजता सांडतो आणि किती वाजता थांबतो, ते मी महिनाभर रोज वहीत लिहितो. तुमच्या बाटल्यांच्या वेळा त्याच्याशेजारी लिहा.