मदत हवी आहे: गोठ्याची टिनं उडाली, वादळाला एफ किती लिहू?

वावरातला_भाऊ: काल वादळ झालं. गोठ्याची चौदाही टिनं उडाली, एक तर कडुनिंबाच्या बुंध्याला पोळीसारखं गुंडाळलं गेलंय. संत्र्याची झाडं मुळासकट आडवी. साळा म्हणतो हा टोर्नाडो, एफ 3. उद्या सकाळी पंचनामा आहे. अर्जात एफ 3 लिहू का? लवकर सांगा.

मोर्शीकर: गाव कोणतं भाऊ? किती वेळ चाललं? गारा होत्या का? अन् ढोरं बरी हायेत ना?

भूगोल_शिकवते: एफ ही शास्त्रज्ञ फुजितांची 1971 ची, टोर्नाडोची (ढगातून जमिनीपर्यंत उतरलेल्या गरगरत्या वाऱ्याची) ताकद ठरवायची मोजपट्टी. अमेरिकेत 2007 पासून सुधारित ईएफ वापरतात. ईएफ 0 म्हणजे ताशी 105 ते 137 किमी, ईएफ 3 म्हणजे 218 ते 266. पण हा वेग यंत्रानं मोजलेला नसतो. काय पडलं आणि ते किती मजबूत होतं, हे बघून अंदाज बांधतात. टिनं कशानं बसवली होती?

वारा_पाऊस: वारा ताशी 62 किमीच्या वर गेला की चक्रीवादळच. हवामान खात्याचंच वर्गीकरण आहे.

भूगोल_शिकवते: ते समुद्रावरून येणाऱ्या, शेकडो किलोमीटर पसरलेल्या वादळांचं. इथं लावू नका.

वारा_पाऊस: वारा तो वारा. अंदाज कशाला, महसूल मंडळातल्या महावेध केंद्राचा (स्वयंचलित हवामान केंद्राचा) आकडा काढा.

भूगोल_शिकवते: केंद्रावरचा वारा तुमच्या गोठ्यावरचा नव्हे. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एल रेनोच्या टोर्नाडोत 2013 मध्ये रडारनं ताशी 470 किमीच्या वर वेग टिपला, तरी मोकळ्या रानात तेवढी पडझड सापडली नाही म्हणून ईएफ 3 च ठरलं.

टिनवाला_वरुड: नवी टिनं टाकताना खिळे नको, जे-हुक अन् वायसर लावा. कडेच्या ओळीला जास्त.

वावरातला_भाऊ: नवीन टिनांचं नंतर बघू हो! पंधरा मिनिटं चाललं, गारा नव्हत्या, ढोरं बाहेर होती म्हणून वाचली. टिनं बल्ल्यांवर, वर दगड. हुक नव्हते.

भूगोल_शिकवते: मग ईएफ 3 चा विषयच नाही. नुसत्या दगडांनी दाबलेलं टिन कमी वाऱ्यातही उडतं. झाडं कोणीकडे पडली?

वावरातला_भाऊ: सगळी उगवतीकडे.

भूगोल_शिकवते: बहुतेक ढगातून खाली आदळून पसरलेला सरळ वारा. टोर्नाडोत झाडं वेगवेगळ्या दिशांना, एकमेकांवर पडतात. हा फरक फुजितांनीच पडलेल्या झाडांवरून दाखवला.

मोर्शीकर: एका वावरावरून कसं ठरवता मॅडम? धुऱ्यापलीकडं तं पाहू द्या.

सातबारा: पंचनाम्यात नुकसान लिहितात, वाऱ्याचा नंबर नाही. झाडं मोजून ठेवा, बुंध्यांसकट फोटो काढा.

वावरातला_भाऊ: काकाच्या वावरात जाऊन आलो. दोन आंबे पडलेत, तेही उगवतीकडेच. एफ 3 खोडतो. टिनं आज उचलू का?

सातबारा: अजिबात नाही. पंचनामा होईपर्यंत कडुनिंबाचंही तसंच राहू द्या.